म्युझियमचा पडदा

मांडवगण फराटा गावात महेंद्रचा फोटो स्टुडिओ, आणि स्टुडिओत चक्क म्युझियम. म्हणजे भिंतभर पडदा हो! मुंबईच्या नामांकित म्युझियमचं मधलं दालन, उंच घुमट, नक्षीचे खांब, लखलखीत फरशी आणि माणूस एकही नाही. लग्नाच्या बायोडाटाचा फोटो याच पडद्यापुढे काढायचा, अशी पंचक्रोशीत रीतच पडून गेली होती. पाबळची मुलगी आणि राहू गावचा मुलगा एकाच घुमटाखाली उभे दिसले, तरी कुणाला त्यात वावगं वाटत नसे. उलट स्थळ भारदस्त वाटे.

पडद्यावरचा फोटो महेंद्रनं स्वतः काढला होता. काही वर्षांपूर्वी सहा डिसेंबरला आईला, पार्वतीबाईंना, घेऊन तो दौंडहून चैत्यभूमीला गेला होता. परतण्याआधी कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट काढून तो म्युझियममध्ये शिरला. पांढऱ्या साडीतली आई मागोमाग आली, दालनाच्या मधोमध थांबली आणि मान वर करून बघतच राहिली. का नाही बघणार? जन्म गेला होता दुसऱ्याच्या शेतात वाकून. पण आमच्या महेंद्रसाहेबांना पडद्यासाठी रिकामं दालन हवं होतं.

"आई, सर की बाजूला! फोटोत येतीस मधी," तो खेकसला. ती बिचारी ओशाळून खांबाआड गेली. तेवढ्यात ऊन सरकलं, आणि उजेडाचा चांगला फोटो निघाला तो खेकसण्याआधी काढलेला पहिलाच, तिच्यासकट. कॉम्प्युटरवर त्यानं तिला अशी सफाईनं पुसली, की फरशीची नक्षीसुद्धा जुळवली. मूळ फोटो ठेवायची गरज काही त्याला वाटली नाही.

परवा आई गेली. छातीत कळ आली आणि शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. पुण्यानुमोदनाच्या विधीला फोटो हवा, तर सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या या बहाद्दराकडे आईचा एक धड फोटो निघेना. घरचंच माणूस, कधीही काढू, असं म्हणत दिवस गेले होते. आधार कार्डावर ती घाबरलेली दिसत होती.

"त्यो म्युझियमातला लाव की," त्याचे वडील, साहेबराव, म्हणाले. गुडघ्यांमुळे ते स्टुडिओचा जिना कधी चढलेच नव्हते. "साऱ्या आळीला सांगायची ती. म्हेंद्रानं माझा मुंबईत फोटो काढलाय म्हणून. मला तेवढा कवा दावला न्हाईस तू."

"लावतो, आबा," एवढंच महेंद्रच्या तोंडून निघालं.

खरं सांगायला लागतं ते धाडस त्याच्यापाशी नव्हतं. कला होती. त्यानं बायकोला, मायाला, स्टुडिओत आणून आईची पांढरी साडी नेसायला लावली.

"अवो, कसंतरीच वाटतंय मला," ती म्हणाली. पण त्याचे डोळे पाहून गुपचूप नेसली आणि डोक्यावर पदर घेऊन पडद्यापुढे उभी राहिली, सगळी गिऱ्हाइकं राहतात तशी, समोर बघत. तिच्या धडावर त्यानं आधार कार्डावरचा चेहरा बसवला. डोळ्यांतली भीती काढली, ओठांवर हसू आणलं. एका हातानं डोळे पुसत होता आणि दुसऱ्यानं माऊस फिरवत होता. काम मात्र बेमालूम झालं.

फोटोची चौकट त्यानं घरी आणली. साहेबरावांनी ती मांडीवर घेतली आणि काचेवरून बोट फिरवलं.

"तोंड तिचंच हाय," ते म्हणाले. "पन ह्यो त्यो फोटो न्हाई."

"त्योच हाय, आबा."

"आरं, ती वर बघत हुती. घुमटाकडं. लई बारी सांगितलंय तिनं मला. म्हणायची, पोरगं लांबनं वरडलं, आई, हलू नगंस, तशीच बघत ऱ्हा, लई झ्याक दिसतीस." म्हाताऱ्यानं मान वर केली. "तू म्हणला हुतास न्हवं?"

स्टुडिओ रोज सकाळी आईच झाडायची. त्या पडद्यात आपण नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"व्हय आबा," महेंद्र म्हणाला. "म्हणलो हुतो."

साहेबरावांनी चौकट त्याच्या हातात परत दिली.

"मंग त्यो आन."