उताराचा गिअर

बाबांकडून ट्रकची किल्ली काढून घेतल्याशिवाय घरी यायचं नाही, असं आईने मला सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की आमच्या घरात सगळ्यांना माझी आठवण होते, कारण मी तोंडाची फटकळ. तशी आई चुकत नव्हती. बाबांना ऐकू येईनासं झालंय. गेल्या आठवड्यात ते ट्रेलर मागे घेत होते, आई "थांबा, थांबा" म्हणून ओरडत राहिली आणि बाबांनी फाटक आडवं केलं. ते अजून अंगणात पडलंय. आई त्यावर चादरी वाळत घालते.

बाबांचं म्हणणं, फाटक जुनंच होतं.

मी त्यांच्याच हाताखाली शिकले. ट्रेलर ओढायचं लायसन माझ्याकडे आहे, पण गाडी हातात मिळते ती सपाट रस्त्यावर. टेकडी दिसली की बाबा म्हणतात, "सरक." सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माझी टेकडीच्या पायथ्यापर्यंत. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

त्या दिवशी ट्रेलरवर बेकरीवाल्याची लोखंडी भट्टी होती. त्याचं नवं दुकान टेकडीपलीकडे. भट्टीला एकटं सोडवेना म्हणून तोही केबिनमध्ये आम्हा दोघांच्या मध्ये बसला आणि उंटावरून शेळ्या हाकायला लागला. "पाचवा गिअर आहे ना? मग टाका की. ठेवलाय कशाला?" बाबांनी चौथाच ठेवला. त्यांना ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल.

बाबा गिअर कानाने बदलतात. मागे ओझं असलं की इंजिनाचा आवाज जड व्हायला लागताच खालचा गिअर घ्यायचा, गाडी धापा टाकायला लागेपर्यंत थांबायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. कान शाबूत होते तोवर त्यांचा गिअर कधी चुकला नाही.

चढाला लागलो तेव्हा गाडी चौथ्यात होती. आवाज जड झाला. बाबा समोर बघत होते. आवाज आणखी जड झाला, गिअरची दांडी थरथरायला लागली.

"बाबा, तिसरा," मी म्हटलं.

बाबा समोरच बघत होते.

"काका, ती तिसरा म्हणतेय," बेकरीवाला त्यांच्या कानाशी म्हणाला.

"मला ऐकू येतं," बाबा म्हणाले, आणि गाडी बंद पडली.

भर चढावर, भट्टीसकट. बाबांनी हँडब्रेक ओढला. मी उतरून चाकांमागे लाकडी ठोकळे लावले. मागे अडकलेले लोक आमच्या घराण्याविषयी बरंच काही बोलत होते, आणि माझे कान चांगले आहेत. बाबांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलली, आता ती माथ्यापर्यंत थांबणार नव्हती. मी ठोकळे काखेत मारून मागून चालत गेले. चालताना किल्ली कशी मागायची ते घोकत होते. "बाबा, आता पुरे" बरं, की "बाबा, आई म्हणतेय" बरं, एवढंच ठरत नव्हतं.

माथ्यावर सपाट जागा आहे. उताराला लागण्याआधी तिथे थांबून ट्रेलरच्या साखळ्या ओढून बघायच्या, हा बाबांचा नेम. मी धापा टाकत पोचले तेव्हा ते साखळी धरून उभे होते. मी तोंड उघडलं.

"चौथ्यात मेली ती," बाबा म्हणाले. "मला कळलंच नाही."

मी तोंड मिटलं. घोकलेलं सगळं वाया गेलं. मला इतकं वाईट वाटलं, की त्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

"तू चालव," ते म्हणाले. "आणि गिअर इथेच ठरव. उतारावर बदलायला गेलीस आणि पडलाच नाही, तर ओझं तुला ढकलत नेईल."

मी स्टिअरिंगवर बसले. तिसरा टाकला. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. मागची भट्टी आठवली, आणि मी तिसरा काढून दुसरा टाकला. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

उतारभर इंजिन गुरगुरत राहिलं आणि गाडी त्याच एका चालीने खाली येत राहिली. ब्रेक मी वळणापुरताच दाबत होते. मागून हॉर्न वाजत होते.

"ताई, तिसरा टाक की. लोक खोळंबलेत."

"भट्टी तुझी आहे," मी म्हटलं.

त्याने मान वळवून मागे भट्टीकडे बघितलं. जरा वेळाने कुजबुजला, "काका झोपले."

दुसऱ्याच्या गाडीत बाबा कधी डोळा मिटत नाहीत. बसमधून जातानासुद्धा पायाने जमीन दाबून ब्रेक लावत असतात. मी वळून बघितलं नाही, उतारावर तेवढी चैन नसते. घोरणं मात्र नीट ऐकलं.

नव्या दुकानापुढे भट्टी उतरली. रिकाम्या ट्रेलरच्या साखळ्या गोळा करायला बाबा मागे गेले. मी सवयीने खिडकीतून हात बाहेर काढला.

"बाबा, किल्ली."

ते वळले नाहीत.

"बाबा, किल्ली!"

समोरचा न्हावी कात्री हातात घेऊन दारात आला. बेकरीवाला दुकानातून डोकावला. बाबा पाठ करून साखळ्या गोळा करत होते. मी हात आत घेतला. किल्ली माझ्यासमोर गाडीलाच लटकत होती.

"जाताना चढ तिसऱ्यात घे," ते ट्रेलरमागून म्हणाले. "आता मागे ओझं नाही."