ब्रिटाची खोली

ब्रिटाच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. माझ्या खोलीला एकही नाही, कारण ती मुळात खोलीच नाही, तळघर आहे. एकीकडे कपडे धुवायचं मशीन, दुसरीकडे हरणाच्या मटणाने भरलेला बाबांचा फ्रीझर आणि मध्ये माझा पलंग. जुळे भाऊ झाले आणि वरची माझी खोली त्यांना गेली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. वर आणखी वादळाचा भोंगा वाजला की तळघरच सुरक्षित म्हणून अख्खं घर कुत्र्यासकट माझ्या पलंगावर येऊन बसतं. आणि इथे अमेरिकेतल्या आयोवात तो भोंगा काही कमी वाजत नाही.

पण नाताळात आईने शब्द दिला होता. ब्रिटा म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि तीन तासांवरच्या मोठ्या विद्यापीठाने तिला प्रवेश दिला होता. "ऑगस्टमध्ये ती गेली की खोली तुझी, मॅरिट," असं आई सगळ्यांसमोर म्हणाली होती. मी भिंतींचा रंगसुद्धा ठरवून टाकला, गडद हिरवा.

आणि मार्चमध्ये एकदा जेवताना ही बया शांतपणे म्हणते, "मी विद्यापीठात नाही जाणार. आधी दोन वर्षं इथल्या कम्युनिटी कॉलेजात करते. उरलेली दोन मग तिकडे."

"इथल्या म्हणजे, ते ट्रॅक्टरच्या दुकानापलीकडचं?" बाबांनी विचारलं.

"तेच. घरून जाऊन येऊन करीन."

घरून. म्हणजे तिच्याच खोलीतून.

"अगं, पण का?" आई म्हणाली.

"कारण मला काय व्हायचंय ते मला माहीत नाही. कधी वाटतं नर्स व्हावं, कधी वाटतं दगडमातीचा अभ्यास करावा. हे माहीत नसायला एवढ्या लांब कशाला जाऊ? इथे सगळं थोडं थोडं करून बघते."

बाबांना ते पटलं. त्यांनी मान हलवली आणि बटाटे पुढे ओढले. आईने मात्र विद्यापीठातली जागा सोडली नाही. "जूनपर्यंत राहू दे," म्हणाली. "मन बदललं तर?"

त्या 'तर'वर मी वसंत ऋतू काढला. ब्रिटाच्या उशीवर वसतिगृहाचे फोटो ठेवले. तिकडे किती नवी मुलं भेटतील, ते सांगितलं.

"मुलं इथेही आहेत," ती म्हणाली.

"इथली तू बालवाडीपासून बघतेयस. त्यातल्या एकाने तुझ्या डब्यात बेडूक ठेवला होता."

"मॅरिट, तुला माझी एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली गं?"

हसून सोडून द्यायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शेवटी मी ब्रिटाच्या शाळा संपल्याच्या पार्टीच्या आठवडाभर आधी लॉर्नामावशीला फोन केला. लॉर्नामावशी आईची मोठी बहीण. कोणत्या मुलाने कुठल्या कॉलेजात जावं हे सांगायचीच तिला शाळेत नोकरी होती. आता ती निवृत्त झालीय, पण सांगायची थांबलेली नाही.

आमच्याकडे मूल शाळा संपवतं तेव्हा घरचे गॅरेज झाडून काढतात, घडीची टेबलं मांडतात आणि सगळं गाव येऊन डुकराचं मटण घातलेले पाव खातं. मोबदल्यात त्या मुलाला एकच प्रश्न विचारतं, मग पुढे काय? मेच्या शनिवारी लोक एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये हेच करत फिरत असतात.

ब्रिटाच्या पार्टीच्या सकाळी आम्ही दोघी गॅरेजमध्ये पताका लावत होतो. लॉर्नामावशी यायच्या आधी मीही एक शेवटचा प्रयत्न करून बघितला.

"खरं सांगू का? तू भित्री आहेस. घर सोडायची तुला भीती वाटते. बाकीचं सगळं सोंग आहे."

हे धडधडीत खोटं होतं. तळघरात वटवाघूळ शिरलं होतं तेव्हा बाबा डोक्यावर चाळण धरून जिन्यातच उभे राहिले होते. टॉवेलमध्ये धरून ते बाहेर सोडून आली ती ब्रिटा. पण ती या वेळी हसली नाही. चिकटपट्टी टेबलावर ठेवली आणि खुर्च्या आणायला गेली.

दुपारी लॉर्नामावशी आली ती विद्यापीठाचं नाव असलेला लालभडक स्वेटशर्ट घेऊनच. "घालून तर बघ," म्हणाली. ब्रिटाने भिडेखातर घातला. मग काय, येणारा प्रत्येक जण तो बघून "वा, विद्यापीठ का?" म्हणायला लागला. ब्रिटा "नाही, म्हणजे मी" एवढं म्हणेपर्यंत मावशी मध्ये पडायची.

"जागा आहे हो अजून तिची. एवढी हुशार पोर, त्या कॉलेजात जाऊन काय करणार? जिथे कोणीही जातं तिथे हिने का जावं? तूच सांग, ब्रिटा."

ब्रिटाने गर्दीतून माझ्याकडे बघितलं. मी सरबत ओतत होते. मी जगमध्ये बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "जाते मी विद्यापीठात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने तिला मिठी मारली. मी जग तिथेच टाकला आणि धावत वर जाऊन ब्रिटाच्या पलंगावर आडवी झाले. दोन्ही खिडक्यांतून ऊन येत होतं. आता आनंद होईल म्हणून मी वाट बघत राहिले.

तेवढ्यात ब्रिटा आली. मला पलंगावर बघितलं. कपाट उघडून आपले कपडे काढायला लागली.

"हिरवा रंग ना?" तिने विचारलं. "हे कपाट आत्ताच रिकामं करून देते. ऑगस्टपर्यंत कशाला थांबतेस?"

ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि सगळं ठीक झालं असतं. पण ती नीट घड्या घालत होती. मला एकदम रडूच यायला लागलं. का ते कळेना, म्हणून रागही आला. मी तडक उठले, खाली गेले आणि गॅरेजमध्ये सरबताच्या टेबलाजवळ खुर्चीवर उभी राहिले.

"ब्रिटा विद्यापीठात जाणार नाहीये. कम्युनिटी कॉलेजात जाणार आहे आणि दोन वर्षं घरीच राहणार आहे, तिच्या खोलीत."

"अगं, पण आत्ताच तर ती हो म्हणाली," लॉर्नामावशी म्हणाली.

"कारण मी तिला भित्री म्हटलं. ती भित्री नाहीये. मला तिची खोली हवी होती म्हणून म्हटलं. तुला फोनही त्यासाठीच केला होता, मावशी."

बाबांनी मटणाच्या भांड्यात एवढं डोकं घातलं की ते हसतायत हे सगळ्यांना कळलं. आई मात्र हसत नव्हती. ती माझ्या मागे, घरात जायच्या दाराकडे बघत होती. मी वळले. दारात ब्रिटा उभी होती. स्वेटशर्ट काढून हातात धरला होता.

"खोलीसाठी चाललंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "भित्री म्हटलंस त्याचंही काही नाही. पण एवढे दिवस मागे लागलीयस. मला वाटलं, तुला मी घरातच नकोय."

"मला खोली हवी होती," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. "पण तू जावंस असं नव्हतं वाटत."

या दोन गोष्टी एकदम कशा होणार होत्या, याचा मी मार्चपासून एकदाही विचार केला नव्हता.