गिलाव्याचं ठिगळ

"मॅडम, गवंड्याचा किस्सा राह्यला ना," गजेंद्र मागून म्हणाला आणि संध्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अंबागेटापासून परकोटाच्या जुन्या तटाच्या कडेकडेने सगळे इथवर चालत आले होते. ऊन चढलं होतं, बाटल्यांतलं पाणी संपलं होतं, आणि जुन्या दगडांचं कौतुक करण्याइतकं त्राण कोणात उरलं नव्हतं. संध्या लोकांना अमरावती दाखवायची, तो हा फेरफटका दर रविवारी याच नव्या सभागृहापाशी संपायचा. शेवटी लोक हसले पाहिजेत, असा आयोजक गजेंद्रचा आग्रह. त्यासाठी तो किस्सा.

सभागृहाच्या काँक्रीटच्या भिंती आर्किटेक्टने मुद्दाम बिनगिलाव्याच्या ठेवल्या होत्या. एका गवंड्याला वाटलं, काम अर्धवटच राहिलं. सुटीच्या दिवशी घरचं सिमेंट आणून त्या शहाण्याने एक कोपरा गिलावून टाकला. साहेबांनी तो खरवडून काढायला लावला आणि गवंड्याला घरी बसवलं. थोडा गिलावा मात्र निघालाच नाही, तेच हे ठिगळ. लोक खो खो हसायचे आणि संध्या थकून रिक्षा शोधू लागायची.

तो गवंडी आपला बाप आहे, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि आज तो, श्रावण, टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. तुह्यं बोलनं आयकतो एकदा, म्हणून हट्टाने आला होता. रस्ताभर तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

गजेंद्रने पुन्हा आठवण करून दिली. इतके रविवार हा किस्सा सांगितल्याबद्दल संध्याला स्वतःचीच चीड आली. तेवढ्यात गुडघ्यावर हात रेटत श्रावणच पुढे झाला.

"हे माह्या हातचं हाय," तो लोकांना म्हणाला. "उघडी भित टाकून घरी कसं जावं मानसानं? मले लाज वाटे."

हाही किस्स्याचाच भाग असेल, असं वाटून गजेंद्र हसला. त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं हसले.

"हे माझे बाबा आहेत," संध्या म्हणाली.

हसणं थांबलं. श्रावणचं तिकडे लक्षच नव्हतं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने तो ठिगळावरची धूळ पुसत होता. मग त्याने बोटांनी ठोकून पाहिलं.

"अजून धरून हाय," तो म्हणाला. "लोकायले हे बी दाखवतं काय वं तू?"

संध्याला बापाकडे पाहवेना.

"दाखवतो, बाबा," ती घरच्या वऱ्हाडीत म्हणाली. "दर रविवारी."

श्रावणने टोपी झटकली आणि नीट डोक्यावर घातली.