डाव्या बाजूचा दांडा

आयनारने काउंटरवरच्या, काडतुसं भरायच्या तिसऱ्या प्रेसचा दांडा डाव्या कोपराच्या खोबणीत धरला आणि खाली ओढला. लोखंडी दट्ट्या आवाज न करता वर आला. त्याने दांडा सोडला, पुन्हा ओढला. त्याच्या डाव्या पंजाला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली जागा गुलाबी, गुळगुळीत होती. लेलँड बाजूला उभा राहून भिंतीवर लावलेलं एल्क हरणाचं डोकं बघत होता. ते डोकं त्या भिंतीवर तीस वर्षं होतं.

"हा बिडाचा आहे," दुकानाची मालकीण डोरीन म्हणाली. "तुझ्या पणतवंडांनाही पुरेल. ते दोन ॲल्युमिनियमचे. स्वस्त आहेत, पण जोर लावला की वाकून नमस्कार करतात."

"दांडा डावीकडे बसतो?"

"ह्याचा बसतो. बोल्ट सोडवायचा, फिरवायचा, परत आवळायचा. उजवा हात मोकळा राहील तुझा, काडतूस ठेवायला."

लेलँडने घसा खाकरला. "माझ्यासारखा मोठा घेतलास तर एका ओढीत सगळं होतं. पाच खणांचा. तासाला तीनशे निघतात."

"मला तीनशे नकोत. वीस हवीत."

"वीस!" डोरीन हसली. "अरे, वीससाठी एवढं लोखंड घरी नेतोस? कारखान्याची पेटी घे की, ही काय समोर आहे."

"मला मी भरलेलीच हवीत."

"तेही खरंच म्हणा. आपल्याकडची माणसं एकमेकांची कवळी घालतील, पण दुसऱ्यानं भरलेलं काडतूस बंदुकीत—"

ती वाकून काउंटरखाली खोकं शोधू लागली आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ शोधत राहिली.

आयनार बावीस वर्षं दुसऱ्यानं भरलेली काडतुसंच वापरत आला होता. तो दुसरा म्हणजे लेलँड, त्याच्या बायकोचा, मार्लिसचा, थोरला भाऊ. दर ऑक्टोबरात लेलँड वीस काडतुसांची डबी आणून द्यायचा आणि शिकार झाली की आयनार त्याच्या घरी एल्कची मागची तंगडी पोचवायचा. गेल्या ऑक्टोबरात, मैदानावर नेम तपासताना, सातव्या काडतुसाला रायफल आयनारच्या हातात फुटली. तीन बोटं गेली, डावा कान गेला. इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी उभं राहून लेलँड म्हणाला होता, "तुझ्या वडिलांची बंदूक. पोलाद थकलं असणार." बँडेजमधून आयनारने मान हलवली होती. गावानेही तेच धरलं.

पोलाद थकलेलं नव्हतं. आयनारची वीस भरायच्या आदल्या दिवशी लेलँड पिस्तुलाची काडतुसं भरत होता. जेवायची हाक आली आणि मापाच्या नळीत चार बोटं बंदुकीची दारू तशीच राहिली. दुसऱ्या सकाळी त्याने ती डब्यात परत ओतली, आणि तो डबा रायफलच्या दारूचा होता. रायफलची दारू सावकाश जळते, पिस्तुलाची भडकन. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच करडे कण. मग त्याच डब्यातून त्याने आयनारची वीस भरली. हे त्याला इस्पितळाच्या वाटेवर, गाडी चालवताना आठवलं. घरी आल्यावर त्याने तो डबा अंगणात रिकामा केला आणि काडी लावली. कोणाला काही सांगितलं नाही.

आठवड्यापूर्वी मार्लिसचा फोन आला होता. आयनारला प्रेस घ्यायचा आहे, आणि म्हणतोय की शिकवायला लेलँडच हवा.

घरी जाताना ट्रकमध्ये लेलँड डावीकडे बसून चालवत होता आणि आयनार उजव्या खिडकीपाशी, प्रेसचं खोकं मांडीवर घेऊन. त्याचा गेलेला कान लेलँडच्या बाजूला होता. गव्हाची कापलेली रानं दोन्ही अंगांनी मागे जात होती. लेलँड दोनदा काहीतरी पुटपुटला. मोठ्याने बोलला नाही.

गॅरेजमध्ये आयनारने टेबल आधीच तयार ठेवलं होतं. जाड फळ्यांचं, भिंतीला जखडलेलं. लेलँडने भोकं पाडली. मग तो टेबलाखाली पाठीवर पडून नट आवळू लागला आणि आयनारने वरून पान्याने बोल्ट धरून ठेवला. दांडा डावीकडे लावला. आयनारने कोपराने ओढून पाहिला. टेबल हललं नाही.

"आता साचा," लेलँड म्हणाला. "वरून फिरवत आण. दट्ट्या वर घे आधी. हां. टेकला? आता दांडा थोडा सैल सोड आणि साचा अजून पाव वळसा."

"पाव म्हणजे?"

"घड्याळात बारापासून तीनपर्यंत. आता ही कडी आवळ, म्हणजे तो तिथेच राहील. ह्या प्रेसमध्ये एका वेळी एकच साचा, एकच काम. आधी काडतुसांच्या सगळ्या खोळी दाबून घ्यायच्या. मग साचा बदलायचा. प्रत्येक खोळ पाच-सहा वेळा तुझ्या हातातून जाते."

"म्हणजे चूक झाली तर दिसते."

"दिसते," लेलँड म्हणाला आणि रिकाम्या पितळी खोळींची पिशवी ओढून घेतली. "आधी तेल. फार नको, बोटाला लागेल इतकंच. नाही लावलंस तर खोळ साच्यात जाऊन बसेल. मग काही केलं तरी निघत नाही."

"तुझ्या आईसारखी. तीन दिवसांसाठी आली होती, आठवतं? नाताळापर्यंत राहिली."

"माझ्या आईला मध्ये आणू नको."

"मी कुठे आणली? तीच आली."

लेलँडला हसू फुटलं. आयनारही हसला. वर्षभरात ते दोघं एका खोलीत पहिल्यांदाच हसत होते. लेलँडने लगेच तोंड वळवलं आणि टेबलावर नसलेली धूळ पुसली.

मार्लिस कॉफी घेऊन आली. यंदा घरात एल्कचं मांस नव्हतं, म्हणून सँडविचमध्ये दुकानातलं हॅम होतं. ती दाराशी थांबली, प्रेसकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"दोघं मिळून घर उडवू नका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि आपणच हसली. मग ताट ठेवून आत गेली.

खोळी दाबून झाल्या. त्यांच्या बुडात ठिणगीच्या टोप्या बसवून झाल्या. आयनारचा उजवा हात खोळ ठेवायचा, डावं कोपर दांडा ओढायचं. आधी अडखळत, मग हळूहळू एका लयीत. त्याच्या कपाळावर घाम आला होता. लेलँडने एकदा मदतीला हात पुढे केला, पण आयनारने मान हलवून तो मागे सारला.

मग दारू आली. लेलँडने टेबलाच्या कडेला दारूचं माप जखडलं. वर काचेसारखी उभी नळी, बाजूला छोटा दांडा. दांडा फिरवला की ठरलेली दारू खोळीत पडते. डब्याचं झाकण उघडताना त्याचे हात सावकाश चालत होते.

"टेबलावर एका वेळी एकच डबा," तो म्हणाला. "दुसरा कपाटात. कपाट बंद."

"का?"

"गोंधळ नको म्हणून."

"कसला गोंधळ?"

लेलँडने नळीत दारू ओतली. "नियम आहे तो. सगळे पाळतात." आणि मग थोड्या घाईने, "आता पहिली दहा मापं काट्यावर तोलून बघ. वजन नेहमी पुस्तकातलंच. कोणी मित्रानं सांगितलेलं नाही. भरून झाल्या की सगळ्या खोळी ह्या लाकडी ठोकळ्यात उभ्या कर आणि वरून बॅटरी मार. दारू सगळ्यांत एकाच उंचीला दिसली पाहिजे."

आयनारने बॅटरी मारली. वीस खोळी. तो एकेकीवर थांबत गेला. लेलँडही त्याच्या खांद्यावरून बघत राहिला. सगळ्या सारख्या होत्या.

शेवटचा साचा लावून आयनारने वीस गोळ्या बसवल्या. चार वाजत आले होते. उघड्या दारातून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती आणि मापाच्या नळीत उरलेली दारू तिच्यात दिसत होती. दोन बोटं उंच, करडी.

काम थांबलं की माप रिकामं करायचं. ज्या डब्यातली दारू, त्याच डब्यात, लगेच, जेवायला उठण्याआधी. लेलँडने हा नियम बापाकडून शिकला होता. तो आता सांगितला की आयनार विचारणार होता, का. मग पुढचंही सांगावं लागणार होतं. आणि नाही सांगितला, तर ही नळी अशीच राहणार होती, पुढच्या खेपेला आयनार दुसरा डबा उघडेपर्यंत.

आयनार हात पुसत होता. त्याने फडकं खाली ठेवलं.

"झालं?"

"झालं."

"अजून काही सांगायचं राहिलंय?"

लेलँडने नळीकडे पाहिलं. मग दाराकडे. "नाही," तो म्हणाला. "एवढंच."

आयनारने मान हलवली. त्याने एक-एक काडतूस उचलून डबीत रचायला सुरुवात केली. लेलँडने टोपी घेतली आणि बाहेर पडला.

ट्रकमध्ये बसून त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मार्लिसने हात केला, त्यानेही केला. त्याने गिअरवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. ती खिडकीपासून हटली. कुंपणावरचा एक मॅगपाय पक्षी उडाला, पुन्हा येऊन बसला. लेलँड ट्रकमधून उतरला आणि दार उघडंच टाकून परत आला.

गॅरेजच्या उंबऱ्यावर तो थांबला. आयनारची उजवी बाजू त्याच्याकडे होती. लेलँड जमिनीकडे बघूनच बोलला, कारण तसं नसतं तर त्याला बोलता आलं नसतं.

"एक राहिलं. माप रिकामं करायचं. त्याच दिवशी, त्याच डब्यात." त्याने श्वास घेतला. "मी गेल्या वर्षी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चुकीच्या डब्यात ओतलं. बंदुकीला काही झालेलं नव्हतं, आयनार. तुझ्या वडिलांच्या बंदुकीला काहीही झालेलं नव्हतं."

त्याने वर पाहिलं. नळी रिकामी होती. आयनार ती आतून कोरड्या फडक्याने पुसत होता. डब्याचं झाकण लागलेलं होतं.

"उरलेली तेरा काडतुसं मी डिसेंबरातच उघडली," आयनार म्हणाला. "कागदावर ओतली. भिंगातून दोन तऱ्हेचे कण दिसतात."

लेलँडच्या हातात टोपी होती. ती त्याने एका हातातून दुसऱ्यात घेतली.

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

आयनारने नळी जागेवर बसवली. डबा उचलून कपाटात ठेवला, कपाट बंद केलं.

"ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा माप रिकामं केलं," तो म्हणाला. "तोवर तू सांगशील म्हणून थांबलो होतो."