अनवाणी उडी

सखीने नियमांचं पुस्तक उघडून सुभाष सरांच्या हातात दिलं आणि बोटाने ओळ दाखवली.

"तुम्हीच वाचा, सर. मोठ्यानं."

लांब उडीच्या फळीपाशी ती आज पंच होती. सरांच्या मुलीच्या, प्राजक्ताच्या बुटाचा तळ निघून आला होता आणि तिची शेवटची उडी बाकी होती. अनवाणी चालेल का, असं विचारायला सर स्वतः आले होते.

"खेळाडू अनवाणी भाग घेऊ शकतो," सरांनी वाचलं. "अरे वा. मला ठाऊकच नव्हतं. थँक्यू हां, मॅडम."

बारा वर्षांपूर्वी याच तालुका स्पर्धेत सर पंच होते. दिघाशीच्या पाड्यावरून आलेली सखी तेव्हा म्हणाली होती, "माझ्यापाशी बूट न्हाय, सर."

"मग उडी पण नाही. चल, बाजूला हो."

त्या दिवसापासून तिने डूख धरला होता. पंचाची परीक्षा दिली तीही त्याच रागाने. आज हा नियम वाचताना सरांचा चेहरा पडेल, त्यांना ती पोर आठवेल, म्हणून केवढी वाट पाहिली होती तिने. पण सरांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सखीच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्राजक्ता धावत आली. पंचाने पाहायचं ते फळीकडे, पण सखी पाहत होती सरांकडे. ते हरखलेलं तोंड तिला बघवत नव्हतं. वाळूत पाय आपटल्याचा आवाज आला आणि तिने उडी बाद ठरवणारं लाल निशाण वर केलं. सरांचं तोंड खर्रकन उतरलं. फार गोड वाटलं तिला.

मग तिने खाली पाहिलं. फळीवर धुळीचं पाऊल उमटलं होतं, रेषेच्या चांगलं चार बोटं अलीकडे. रेषेपुढच्या ओल्या मातीवर अंगठ्याचासुद्धा ठसा नव्हता.

पोरगी भांडली नाही. वाळूतून बाहेर येऊन मान खाली घालून चालू लागली.

सखीने लाल निशाण टाकलं आणि पांढरं उचललं.

"थांब गं. उडी बरोबर हाय. माझं चुकलं."

टेप लावायला माणसं धावली. सर लगबगीने सखीजवळ आले आणि मोठ्या मनाने हसले.

"होतं असं, मॅडम. विसरून जा."