एकनायकांची तमिळ

सरकारी खिडकीशी गेल्यावर, सांगायचं ते न सांगताच परत फिरायची वेळ आपल्यातल्या बऱ्याच जणांवर आली असेल. तिलकसिरी एकनायकांच्या खिडकीशी हे रोज घडत होतं. त्याचा पत्ता फक्त एकनायकांनाच नव्हता.

श्रीलंकेतल्या चहामळ्यांच्या डोंगरातल्या आमच्या कचेरीत ते जन्ममृत्यूच्या नोंदी बघायचे. माणूस वक्तशीर, हाताचा स्वच्छ. मळ्यांवरचे लोक तमिळ, कचेरी सगळी सिंहली, आणि त्यात तमिळ बोलता येणारे हे एकटेच. त्यामुळे सरकारने सगळ्या कर्मचाऱ्यांना तमिळचा वर्ग सक्तीचा केला तेव्हा त्यांना हसू आलं. "मला काय शिकवणार? मी मळ्यावरच वाढलोय," ते म्हणाले. तरी हुकूम तो हुकूम. शनिवारी सकाळी ते पहिल्या बाकावर जाऊन बसले.

शिकवायला सिवमलर मिस होत्या. पूर्व किनाऱ्यावरच्या बॅटिकलोआच्या, घरची भाषा तमिळच, पन्नाशीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. पहिले दोन महिने एकनायकच वर्गात पुढे. बाकीचे क्रियापदांशी झटापट करत आणि हे सुसाट.

तिसऱ्या महिन्यात मिसनी वर्गात एका म्हातारीला आणलं. कामाच्ची अम्मा. सत्तरीची, सारा जन्म चहाची पानं खुडण्यात गेलेला. तिला खुर्ची देऊन मिसनी सांगितलं, प्रत्येकाने अम्मांशी चार वाक्यं बोलायची. टायपिस्ट मुलगी आधी बोलली. चार वाक्यांत सहा चुका, पण अम्मा गालातल्या गालात हसत उत्तरं देत राहिली.

मग एकनायक उठले. चूक नाही, अडखळणं नाही. "ए, इकडे बघ. नाव काय तुझं? कुठल्या मळ्यावरची तू?"

अम्मा ताडकन खुर्चीवरून उठली आणि मान खाली घालून उभी राहिली.

मिसनी अम्माला खांद्याला धरून पुन्हा बसवलं, तिच्यासाठी चहा मागवला आणि पुढच्याला बोलायला सांगितलं. वर्ग सुटल्यावर मात्र त्यांनी एकनायकांना थांबवून घेतलं.

एकनायक वैतागले होते. आपण शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, मग झालं काय? मिसनी विचारलं, तमिळ शिकलात कुणाकडून? त्यांनी अभिमानाने सांगितलं, वडिलांकडून. वडील मळ्यावर हजेरी घ्यायचे. सकाळी सहाला बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि लहानगा तिलकसिरी वडिलांच्या शेजारी उभा राहून ऐकायचा.

"म्हणजे तुम्ही हजेरीची तमिळ शिकलात," मिस म्हणाल्या. "आमच्या तमिळमध्येही 'ये' वेगळं आणि 'या' वेगळं. तुम्हाला 'या' कुणी शिकवलंच नाही."

"पण मिस, त्यांना समजतं ना माझं बोलणं? काम होण्याशी मतलब."

"एकनायकसाहेब, भंते जेवले हे सांगायला तुमच्या सिंहलीत निराळा शब्द आहे. साधा शब्द वापरला तरी त्यांना समजेलच. तुम्ही का नाही वापरत?"

एकनायक वही आवरू लागले. मिसनी त्यांना एवढंच सांगितलं की, उद्या रविवारी अम्मांच्या घरी जा, तासभर बसा आणि फक्त ऐका. मी अम्मांना सांगून ठेवते.

जावं की नाही, असं करत ते गेले. मळ्यावरच्या मजुरांच्या चाळीत, लायनीत, अम्माची एक खोली होती. सुनेने साधा चहा आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. घरातली माणसं आधी अवघडली, मग आपापसात बोलायला लागली. सून सासूशी अदबीने बोलत होती, शेजारी अम्माची थट्टा करत होता, तीही 'अहो-जाहो' करून. चार-पाच वर्षांची नात दारात आली तशी अम्मा म्हणाली, "या, या बाईसाहेब, बसा इथं."

एवढ्याशा पोरीला 'या'! आणि आपण सत्तरीच्या बाईला 'ए' म्हणालो. एकनायकांचा चहा हातातच निवला.

मग सुनेनेच भीत भीत विषय काढला. पोरीची जन्मनोंद झाली नव्हती. दाखल्यावाचून शाळेत नाव घालायची पंचाईत होती आणि शाळा दोन महिन्यांवर आली होती. अम्मा तीनदा कचेरीत येऊन गेली होती.

"कुणाकडे?" एकनायकांनी विचारलं.

अम्माने मान खाली घातली. सून म्हणाली, "तुमच्याच खिडकीशी, अय्या. तुम्ही 'काय पाहिजे तुला' म्हणालात की यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तशाच परत येतात."

माझं बोलणं त्यांना समजतं, असं एकनायक आदल्या दिवशीच म्हणाले होते. ते खरंच होतं. अम्माला ते समजत होतं म्हणूनच ती परत फिरत होती.

सोमवारी एकनायकांनी उशिराच्या नोंदणीचे कागद स्वतः भरले. सुईणीची आणि मळ्याच्या दवाखान्याची कागदपत्रं जमवायला दोन आठवडे लागले, पण पोरीचं नाव वेळेत शाळेत लागलं.

वर्गात मात्र ते मागे पडले. तोंडी बसलेली वाक्यं मोडून नवी घडवायची म्हणजे सोपं नव्हतं. प्रत्येक 'या'पाशी जीभ अडखळायची. मिसनी त्यांना पहिल्यांदाच शाबासकी दिली.

परवा खिडकीशी एक मजूर आपल्या बाळाची नोंद करायला आला होता. एकनायकांनी त्याला बाळाची तब्येत विचारली आणि आदर दाखवण्याच्या नादात बाळालाच 'आपण' करून टाकलं. तो खो खो हसला. "असं नाही म्हणत, अय्या," म्हणाला आणि बरोबर काय ते सांगितलं. एकनायकही हसले आणि त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. नोकरीच्या वीस वर्षांत खिडकीशी येऊन त्यांची चूक काढणारा हा पहिलाच माणूस.

नागरिकहो, जी भाषा आपल्याला फक्त हुकूम सोडायला येते, ती आपल्याला अजून आलेली नसते. परक्याची भाषा शिकायची तर त्याच्या घरच्या उंबऱ्याशी बसून शिकावी. त्याच्या माणसांचा मान कुठे राखला जातो, हे तिथेच कळतं. आणि ती आपल्याला येऊ लागल्याची खूण एकच: समोरचा माणूस न घाबरता आपली चूक काढतो.