बाई सगळ्यांना ‘हो’ म्हणाल्या

मी खिडकीजवळच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बोलतोय. वय झालंय माझं, पंखा घरघरतो, पण डोकं शाबूत आहे. हे आधीच सांगतो, कारण मध्यंतरी या घरात सगळे माझं डोकं फिरलंय म्हणत होते.

माझ्या मालकीणबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उभी नोकरी लोकांच्या लाइनी जोडण्यात गेली. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, ही शिस्त निवृत्तीनंतरही सुटली नाही. नेमकी तीच आमच्या अंगाशी आली.

त्यांच्या थोरल्या बहिणीला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्या दूर, लेकाकडे राहतात. आता फोनवर बोलणार काय? म्हणून बाईंच्या मुलाने मला कॅमेरा बसवला. दर रविवारी दोघी माझ्या पडद्यावर भेटायच्या. बाई बोलायच्या, ताई डोळ्यांनी उत्तर द्यायच्या. बाईंचा अख्खा आठवडा त्या भेटीवर निघायचा.

एकदा बाईंना ताईंचा फोटो फुलांनी सजवायची हौस आली. त्यासाठी एक फुकटचा प्रोग्राम त्यांनी उतरवून घेतला. तो बसता बसता विचारत सुटला, हेही घेऊ का, तेही घेऊ का, सूचना पाठवू का? बाईंनी कुणालाच नाराज केलं नाही. सगळ्यांना ‘हो’. त्या फोटोवाल्याच्या आडून जाहिरातवाले माझ्या पोटात शिरले आणि ठाण मांडून बसले.

मग काय विचारता! बाईंनी गुडघेदुखीबद्दल काही शोधलं की दिवसभर तेलांच्या जाहिराती. उघडायला जावं एक पान, तर उघडायचं भलतंच. मला धाप लागायची. येईल त्या चौकटीला बाई ‘हो’ म्हणायच्या आणि तिची भावंडं लगेच हजर व्हायची. एका रविवारी तर बक्षिसाची जाहिरात ताईंच्या चेहऱ्यावरच येऊन बसली. ताई काहीतरी सांगू पाहत होत्या आणि बाईंना नुसतं कपाळ दिसत होतं. त्या दिवशी बाई रडल्या. मला फार वाईट वाटलं.

“भंगारात देऊन टाकू,” मुलगा म्हणाला. नवा कधी आणणार, ते मात्र बोलला नाही.

सुनेने खुर्ची ओढली आणि सासूबाईंना शेजारी बसवलं. माझ्यातल्या सगळ्या प्रोग्रामची यादी उघडून तिने ती तारखेप्रमाणे लावली. फोटोवाल्यासोबत त्याच दिवशी आलेल्या एकेकावर बोट ठेवून ती विचारायची, हे तुम्ही मागितलं होतं का? बाई मान हलवायच्या. मागितलं नव्हतं, पण त्यांनी विचारलं ना. सुनेने ते सगळे काढले, फोटोवालाही काढला. ब्राउझरला चिकटलेली उपरी बटणं काढली, सूचनांच्या परवानग्या बंद केल्या, आधीचं पान परत आणलं. मग खात्रीच्या अँटिव्हायरसने मला तपासून पुन्हा चालू केलं. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला मी!

“आई, हे लाइनवर थांबलेले लोक नाहीत,” ती म्हणाली. “यांना हो नाही, नाही पण नाही. सरळ चौकट बंद करायची.”

बाईंना ते पटलं. जरा जास्तच पटलं.

रविवार आला. ताईंचा कॉल आला आणि पडद्यावर चौकट उघडली, ‘घ्यायचा का?’ बाई हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी वाजत राहिलो. अहो, घ्या ना! पण माझं ऐकतंय कोण? कॉल बंद झाला. जरा वेळाने पुन्हा आला. बाईंनी चौकटीतला ताईंचा फोटो निरखून पाहिला आणि स्वयंपाकघराकडे वळून घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारलं, “अगं, हे आपलंच माणूस आहे ना?”

“हो आई. यांना हो म्हणा.”

ताईंचा चेहरा आला, कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खा. बाई ताठ बसल्या आणि नोकरीतल्या आवाजात म्हणाल्या, “बोला, लाइन जोडली आहे.”

ताई हसल्या. शब्द नव्हता, पण हसण्याला आवाज होता. तो मी होता तेवढा जोर लावून बाईंना ऐकवला.

मला कधीतरी भंगारात जायचंच आहे, तक्रार नाही. फक्त रविवारी नेऊ नका.